विलायतेस जाणाऱ्यानें आधीं काय जाणावें?

मुळशी तालुक्यांतील नांदे हें गांव पुण्यापासून फार दूर नाहीं. सूस, चांदे, लवळें हीं त्याचीं शेजारचीं गांवें. याच तालुक्यांत हिंजवडीची संगणक-उद्योगांची वसाहत आहे आणि लवळ्याच्या टेकडीवर विद्यापीठ आहे. यामुळें ज्या खोऱ्यांतला तरुण पूर्वीं नोकरीसाठीं पुण्यामुंबईपर्यंत जात असे, तोच आज जर्मनी, नेदरलंड, आयर्लंड अशीं नांवें घेऊं लागला आहे. अशा तरुणाच्या घरीं जे प्रश्न विचारले जातात ते बहुधा ठरलेले असतात. तेथें थंडी किती? भाकरी-भाजी मिळते कीं नाहीं? पगारांतून घरभाडें जाऊन मागें काय उरतें? हे प्रश्न निरर्थक आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु महाराष्ट्रांतून युरोपास गेलेल्या मंडळींचा इतिहास चाळून पाहिला तर असें दिसतें कीं, थंडीनें किंवा अन्नानें त्यांच्यांतील फार थोड्यांस अडविलें. जे अडले ते निराळ्याच तीन गोष्टींवर अडले. आपण कोणाच्या पैशानें व कोणत्या अटींवर जात आहों. जेथें जातों तेथें आपल्या कामाचा निर्णय कोणाच्या हातीं आहे. आणि परत आल्यावर आपलें घर आपल्यास कसें वागवील, या त्या तीन गोष्टी होत. या तिन्ही गोष्टी प्रवासाच्या पुस्तकांत क्वचितच सांपडतात; म्हणून त्या इतिहासांत पाहाव्या असें आम्हांस वाटतें.

प्रथम अन्नाचीच गोष्ट घेऊं. रघुनाथरावदादांनीं १७८१ साली आपल्या राजकारणासाठीं हनुमंतराव नांवाच्या ब्राह्मण वकिलास इंग्लंडांत पाठविलें. त्यांच्या समागमें पारशी गृहस्थहि होते. विलायतेस गेलेल्या मराठी राजकारणी पुरुषांत हे आरंभीचे. लंडनांत या मंडळींची सोय नीट लागेना, तेव्हां एडमंड बर्क या प्रख्यात वक्त्यानें त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरीं नेलें आणि बागेंतली एक जागा त्यांच्या स्वयंपाकासाठीं व स्नानसंध्येसाठीं मोकळी करून दिली. म्हणजे सोवळ्याओवळ्याचा जो प्रश्न निघतांना सर्वांत अवघड वाटला असेल, तो एका परधर्मी यजमानाच्या सौजन्यानें सुटला. अडचण पुढें स्वदेशीं आली. रघुनाथरावांचे वकील परतल्यावर त्यांस शुद्ध करून घेण्यासाठीं सुवर्णाची योनि करवून तींतून त्यांना बाहेर काढण्याचा, म्हणजे जणूं नवा जन्म देण्याचा विधि करावा लागला, असें तत्कालीन इंग्रजी लेखांत नमूद आहे.

या विधीच्या मागें जें शास्त्र होतें तें साधें नव्हतें. बौधायनाच्या धर्मसूत्रांत समुद्रयान हें पतनास कारण होणाऱ्या कर्मांत मोजलेलें आहे. आणि पुढच्या निबंधकारांनीं कलिवर्ज्य प्रकरणांत, समुद्रावरून गेलेल्या द्विजानें प्रायश्चित्त घेतलें तरी त्यास व्यवहारांत घेऊं नये, इतकी कडक भाषा वापरलेली आहे. ज्या मराठ्यांनीं आंग्र्यांचें आरमार पाहिलें होतें त्यांच्याच समाजांत हा निर्बंध होता, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. समुद्रावर लढण्यास अडचण नव्हती, पलीकडे जाऊन परत येण्यास होती. तात्पर्य, पहिल्या प्रवाशाला पहिला धडा मिळाला तो हा कीं, परका देश जितका जाचक वाटतो तितका तो असेलच असें नाहीं, आणि आपला देश जितका सोईचा वाटतो तितका तोहि असेलच असें नाहीं.

आतां पैशाच्या अटींकडे वळूं. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडास गेल्या. ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहून त्यांनीं प्रवासखर्चाची कांहीं तजवीज केली होती; परंतु तेथें राहण्याजेवण्याची व शिक्षणाची सोय वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठानें पत्करिली. त्याच्या मोबदल्यांत बाईंनीं हिंदुस्थानांत यावयाच्या भगिनींना मराठी शिकवावी असा व्यवहार ठरला होता. कागदावर हा व्यवहार समतोल दिसतो. परंतु राहणें, शिकणें व श्रद्धा या तिन्ही गोष्टी एकाच छपराखालीं आल्या म्हणजे उपकाराचें ओझें मोजण्यास ताजवा राहत नाहीं. त्याच वर्षीं सप्टेंबरांत रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. तथापि पुढें चेल्टनहॅमच्या महिला-विद्यालयांत असतां पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हां हिंदुस्थानांतील धर्माधिकाऱ्यांनीं हरकत घेतली आणि बाईंना आपल्या स्वातंत्र्यासाठीं पत्रांमागून पत्रें लिहून भांडावें लागलें. ज्यांनीं आश्रय दिला त्यांचा हेतु वाईट होता असें म्हणण्यास आधार नाहीं. परंतु आश्रयदात्याच्या न लिहिलेल्या अटी या लिहिलेल्या अटींपेक्षां अधिक असतात, हें रमाबाईंच्या पत्रव्यवहारावरून स्पष्ट होतें. स्वधर्म त्यांनीं सोडला म्हणून इकडे रोष झाला, आणि नव्या धर्मांत गेल्यावरहि विचार करणें सोडलें नाहीं म्हणून तिकडे रोष झाला.

दुसरा दाखला मुळशीकरांस अधिक जवळचा आहे. पांडुरंग महादेव बापट हे मूळचे पारनेरचे. डेक्कन कॉलेजांत शिकून मंगळदास नथूभाई शिष्यवृत्तीवर ते १९०४ साली एडिंबरोस स्थापत्य व यंत्रविद्येचा अभ्यास करण्यास गेले. तेथें हिंदुस्थानांतील ब्रिटिश राज्याविरुद्ध त्यांनीं उघड मत मांडलें आणि शिष्यवृत्ति गेली. पुढें लंडनांतील इंडिया हाउसमध्यें सावरकर प्रभृति मंडळींशीं त्यांचा संबंध आला, पॅरिसमध्यें बाँब करण्याची विद्या मिळविण्याचा उद्योग झाला, आणि १९०८ साली ते परतले ते पदवी न घेतां. शिष्यवृत्ति देणाऱ्यांस हवा होता एक अभियंता. परत आला एक बंडखोर.

या कथेचा उत्तरार्ध मुळशीच्या खोऱ्यांत घडला. मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीनें धरण बांधण्यास घेतलें. पाणी सह्याद्रीखालीं भिऱ्याच्या वीजघरांत सोडून मुंबईस वीज पुरवावयाची, अशी योजना होती. तिच्यापायीं खोऱ्यांतील सुमारें पन्नास गांवांची भूमि जावयाची होती. १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला. त्याच्या नेतृत्वामुळेंच बापटांस ‘सेनापति’ ही पदवी लोकांनीं दिली, आणि त्यापायीं त्यांनीं दीर्घ कारावास भोगला. धरण झालेंच, १९२७ साली तें पुरें झालें. नांदे धरणापासून दूर, पुण्याच्या बाजूस असल्यानें बुडालें नाहीं. परंतु वरच्या अंगाच्या मावळ्यांना आपला मुलूख समुद्र न ओलांडतांच परका झाला. ज्या यंत्रविद्येसाठीं बापट युरोपांत गेले तिचेंच एक मोठें काम त्यांच्यासमोर उभें राहिलें, आणि तें कोणासाठीं व कोणाच्या जमिनीवर हा प्रश्न त्यांनीं विचारला. एडिंबरोची शिष्यवृत्ति गेली हें नुकसान होय. परंतु ती कां गेली हें ज्यास कळलें, त्याचा प्रवास वायां गेला असें आम्ही म्हणणार नाहीं.

पैशाची तिसरी रीत कर्जाची. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनास मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठीं गेल्या. पति दिनकरराव हे स्वतः जर्मनींत शिकलेले, ते अनुकूल होते. स्त्रीशिक्षणासाठीं ज्यांनीं आयुष्य वेंचलें ते सासरे धोंडो केशव कर्वे मात्र या जाण्यास राजी नव्हते. शेवटीं जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन त्या गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताचे पुरस्कर्ते होते. मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजूंतील विषमता हा इरावतीबाईंच्या प्रबंधाचा विषय. ती विषमता वंशपरत्वें बदलते असें निघावें अशी गुरूंची अपेक्षा होती. बाईंनीं कवट्या मोजल्या आणि तसें कांहीं निघत नाहीं असें लिहिलें. उसन्या पैशानें, परक्या भाषेंत, आपल्या पदवीचा निर्णय ज्याच्या हातीं त्याच्याच मताविरुद्ध हें लिहिणें सोपें नव्हतें. आमच्या मतें यांतून दोन गोष्टी शिकावयाच्या. कर्जाला व्याज असतें, परंतु उपकाराला असते तशी मनावर सत्ता नसते; आणि ज्या संस्थेंत जावयाचें ती काय शिकविते इतकेंच नव्हे, तर ती काय मानते हेंहि आधीं पाहावें.

येथून दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे निर्णय कोणाच्या हातीं आहे याकडे, येऊं. या बाबतींत रंगो बापूजी गुप्ते यांच्याइतका कष्टदायक दाखला मराठी इतिहासांत दुसरा नसेल. साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह यांस कंपनी सरकारनें १८३९ साली पदच्युत करून काशीस पाठविलें. त्यांची बाजू मांडण्यासाठीं रंगो बापूजी लंडनांत सुमारें चौदा वर्षें राहिले. त्यांनीं अर्ज केले, पुस्तिका छापविल्या, कंपनीच्या भागीदारांच्या सभांत प्रश्न उपस्थित करविले, जोसेफ ह्यूम व जॉर्ज टॉम्सन यांसारख्या वजनदार इंग्रजांस आपलेसे केलें. अन्याय झाला हें अनेकांनीं कबूल केलें. तो निवारण करण्याचा अधिकार मात्र ज्यांनीं तो केला त्यांच्याच हातीं होता. १८४७ साली महाराज काशीस वारले. १८४८ साली सातारचें राज्यच खालसा झालें. ज्याच्यासाठीं भांडावयाचें तो धनी गेला, राज्य गेलें, आणि वकील परक्या शहरांत कर्जबाजारी होऊन बसला. १८५३ साली ते परत निघाले. पुढें १८५७ च्या धामधुमींत त्यांचा मुलगा फांसावर गेला आणि ते स्वतः नाहींसे झाले ते कोणास सांपडले नाहींत. त्यांची चिकाटी वंदनीय आहे. परंतु दरवाजा ठोठावण्यापूर्वीं त्याची किल्ली घरांतल्या कोणत्या माणसाजवळ आहे हें पाहिलेंच पाहिजे, हा कठोर धडाहि त्यांतच आहे.

कागद आणि पुरावा यांचें महत्त्व दोन थोर पुणेकरांच्या प्रवासांवरून कळतें. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढें साक्ष देण्यास इंग्लंडांत गेले. साक्ष उत्तम झाली. परंतु त्याच वेळीं पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तांत सैनिकांकडून झालेल्या अत्याचारांविषयीं पत्रें आलीं, आणि त्यांच्या आधारावर त्यांनीं तेथील वृत्तपत्रांत निवेदन केलें. परत आल्यावर पत्रें लिहिणारे पुढें येईनात. पुरावा उभा राहीना. आणि गोखल्यांस जाहीर क्षमा मागावी लागली. परदेशांत उच्चारलेलें प्रत्येक वाक्य स्वदेशीं सिद्ध करावें लागतें, हें त्यांनीं मोठी किंमत देऊन शिकून घेतलें. लोकमान्य टिळकांचा अनुभव निराळा. १९१८ साली होमरूलचें शिष्टमंडळ घेऊन ते निघाले असतां त्यांचे परवाने रद्द होऊन कोलंबोहून सर्वांस परत यावें लागलें. पुढें चिरोलवरील खटल्यासाठीं त्यांस जाऊं दिलें. तो खटला १९१९ साली ते हरले. महायुद्धापूर्वीं बोटीचें तिकीट हीच प्रवासाची मुख्य अडचण होती. महायुद्धानें तिच्या जागीं पासपोर्ट आणून बसविला, आणि १९२० साली त्याचा कायदाच झाला. तेव्हांपासून माणूस कोठें जाऊं शकतो हें त्याच्या ऐपतीपेक्षां त्याच्या कागदावर अधिक अवलंबून राहूं लागलें.

तिसरा प्रश्न परतीचा, आणि तोच आमच्या मतें सर्वांत मोठा. डॉ. भीमराव आंबेडकर १९१३ साली बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कास गेले. परतल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनीं लिहून दिला होता. १९१६ साली ते लंडनांत आले, अर्थशास्त्राच्या विद्यालयांत व ग्रेज इन्‌मध्यें दाखल झाले; परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानें १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावें लागलें. विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आंत परत येण्याची परवानगी मात्र त्यांनीं निघण्यापूर्वींच मिळवून ठेविली. ही दूरदृष्टि प्रत्येक विद्यार्थ्यानें मनांत ठेवावी. करारानुसार ते बडोद्यास हजर झाले, तेव्हां त्या शहरांत त्यांना राहण्यास जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहांत नांव बदलून ते कसेबसे राहिले. अकराव्या दिवशीं लाठ्या घेतलेले पारशी दारांत येऊन उभे राहिले आणि त्यांस बाहेर पडावें लागलें. अमेरिकेंत व विलायतेंत काढलेल्या वर्षांनीं आपण अस्पृश्य आहों ही जाणीवच आपल्या मनांतून पुसून टाकिली होती, असें त्यांनीं पुढें लिहिलें आहे. ज्या लेखांत ही हकीकत आहे त्याचें नांव ‘वेटिंग फॉर ए व्हिसा’ असें आहे. परदेशाचा परवाना त्यांस मिळाला होता. स्वदेशाचा मिळत नव्हता.

हनुमंतरावांची कथा व ही कथा शेजारीं ठेवून पाहावी. एकास समुद्र ओलांडल्यानें जात गमावण्याचें भय होतें. दुसऱ्याची जात समुद्र ओलांडूनहि सुटेना. दोघांसहि जो अडथळा आला तो युरोपांत नव्हे, आपल्या उंबऱ्यावर. परंतु आंबेडकर तेथेंच थांबले नाहींत. सिडनहॅम कॉलेजांत अध्यापकी करून पैसा सांठविला, शाहू महाराजांचें साह्य व मित्राचें कर्ज घेतलें, आणि १९२० साली ते पुन्हां लंडनास गेले. जर्मनींतील बॉन विद्यापीठांत प्रवेश मागतांना त्यांनीं अर्ज जर्मन भाषेंत केला. १९२३ साली ते परतले, आणि त्याच वर्षीं लंडनची डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी त्यांस मिळाली. पहिल्या खेपेस दुसऱ्याच्या मुदतीवर, दुसऱ्या खेपेस आपल्या हिशेबावर, हा फरक ध्यानांत घेण्यासारखा आहे.

आतां आजच्या तरुणासाठीं या तीन प्रश्नांचा अर्थ काय होतो तो सांगतों. पैशाच्या व अटींच्या बाबतींत, नोकरीचा करार मूळ भाषेंत मागवून त्याचा अर्थ जाणत्याकडून समजून घ्यावा. एकूण पगाराचा आंकडा हा हातीं येणाऱ्या पगाराचा आंकडा नव्हे. कर, आरोग्यविमा व निवृत्तिवेतनाची वर्गणी वजा जाऊन बराच भाग कमी होतो. परवाना विशिष्ट मालकाशीं व कामाशीं बांधलेला आहे काय, आणि नोकरी सुटल्यास किती दिवस राहतां येईल, हें निघण्यापूर्वींच विचारावें. जर्मनींत शिकण्यास जाणाऱ्यास वर्षभराचा खर्च आधींच अशा खात्यांत ठेवावा लागतो कीं ज्यांतून दरमहा ठराविकच रक्कम काढतां येते. ती रक्कम जमीन गहाण टाकून उभी केली असेल तर तो हिशेब घरांतल्या सर्वांस ठाऊक असावा. दलालाच्या मार्फत नोकरी मिळत असेल तर तो नोंदलेला आहे कीं नाहीं हें पाहावें. परदेशीं नोकरभरती करणाऱ्यांवर १९८३ च्या कायद्यानें नोंदणीचें बंधन घातलें तें अशाच फसवणुकी पाहून.

निर्णय कोणाच्या हातीं, या बाबतींत पहिली गोष्ट ही कीं ‘युरोप’ नांवाचें एक कार्यालय नाहीं. शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवस राहूं देतो, आणि त्याच्या बळावर नोकरी धरतां येत नाहीं. दीर्घ वास्तव्याचा परवाना ज्या त्या देशाचाच घ्यावा लागतो. आयर्लंड शेंगेनच्या बाहेर आहे, आणि इंग्लंड तर २०२० साली युरोपीय संघांतूनहि बाहेर पडलें. परिचर्या, वैद्यक यांसारख्या धंद्यांत येथील पदवी तेथें मान्य करून घेण्याची निराळी कारवाई असते. २०२४ साली महाराष्ट्र शासनानें जर्मनींतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. तरीहि भाषेची परीक्षा व धंद्याची मान्यता यांतून कोणाची सुटका होत नाहीं. आमच्याकडच्या माणसास नडणारी बारीक गोष्ट म्हणजे नांव. शाळेच्या दाखल्यावर आडनांव आधीं, जन्मदाखल्यावर वडिलांचें नांव गाळलेलें, पासपोर्टांत तिसरेंच, अशी तऱ्हा असते. परदेशी कारकुनास हीं तीन निराळीं माणसें वाटतात. तीं येथेंच एक करून घ्यावीं आणि मग कागदांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशीं चालणारा सरकारी शिक्का, घ्यावा. आणि भाषा शिकावी. कचेरींत इंग्रजीनें काम भागतें; शेजारीं, दवाखान्यांत व मुलांच्या शाळेंत भागत नाहीं.

राहिला परतीचा प्रश्न. आज कोणी प्रायश्चित्त मागत नाहीं. परंतु कायद्यानें आंखलेली रेघ आहे. परदेशाचें नागरिकत्व स्वेच्छेनें घेतलें कीं १९५५ च्या कायद्याप्रमाणें भारताचें जातें. त्यानंतर मिळणारें परदेशस्थ भारतीयाचें कार्ड येण्याजाण्याची मुभा देतें, मतदानाचा हक्क देत नाहीं. परदेशस्थास शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. वारसानें आलेली मात्र ठेवतां येते. पुणें ज्याच्या वेशीवर येऊन ठेपलें आहे अशा नांद्यासारख्या गांवांत ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. म्हणून निघण्यापूर्वीं सातबारा स्वतः वाचावा, वारसांचीं नांवें लागलीं आहेत कीं नाहींत तें पाहावें, मुखत्यारपत्र द्यावयाचें तर कोणत्या कामापुरतें तें स्पष्ट लिहावें, आणि मागें राहणाऱ्या आईवडिलांच्या दुखण्याखुपण्यास कोण धांवेल हें भावाबहिणींशीं बसून ठरवावें. बहिणीचा हिस्सा विसरून केलेली व्यवस्था ही व्यवस्था नव्हे.

युरोपास जाण्यास आमचा विरोध नाहीं. रमाबाई, बापट, इरावतीबाई, आंबेडकर हे गेले नसते तर महाराष्ट्र आजच्यापेक्षां दरिद्री राहिला असता. परंतु ज्याचें त्यानें काय आणलें हें पाहिलें तर असें दिसतें कीं, जाण्यापूर्वीं किंवा तेथें असतांना ज्यांनीं आपल्या अटी, आपला निर्णयकर्ता आणि आपलें घर हीं तिन्ही नीट ओळखलीं, त्यांच्या हातून कायमचें काम झालें. आणि ज्यांना तीं उशिरां कळलीं त्यांचे श्रम मोठे असूनहि फळ थोडें आलें. गरम कपडे तेथेंहि मिळतात. सातबारा, करार आणि घरच्यांशीं मोकळेपणानें झालेलें बोलणें, हीं येथूनच न्यावीं लागतात.